शेवटचा फर्लांग

समुद्रावर हजार मैल जाणे त्या मानाने सोपे. अवघड असतो तो शेवटचा फर्लांग. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मालवणच्या उत्तरेला तोंडवली नावाचे गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीवर सुरू, माड आणि माणसांची घरे, आणि तिच्या टोकाला तळाशील. समुद्राच्या बाजूला ना धक्का, ना जेटी. पाण्यातून जे यायचे ते सरळ वाळूवर येते.

या किनाऱ्यावर रापण ओढतात. रापणीची होडी जाळे सोडीत अर्धे वर्तुळ घेते आणि परत वाळूला लागते. पाहणाऱ्याला वाटते, यात काय मोठेसे? पण होडी आणणारा माणूस प्रत्येक वेळी तीन गोष्टींचा अदमास घेत असतो. लाट कुठे फुटते आहे, भरती चढती आहे की उतरती, आणि पाण्याखाली वाळू कशी पसरली आहे. कारण किनारा वरून सपाट दिसला तरी पाण्याखाली तो सपाट नसतो. पाण्यात शिरले की आधी पाणी गुडघाभर लागते, मग एकदम गळ्याशी येते, आणि आणखी पुढे गेले की पुन्हा कमरेइतकेच राहते. म्हणजे तिथे पाण्याखाली वाळूचा एक बांध असतो आणि बांधाच्या अलीकडे एक खळगा. पावसाळ्यात समुद्र हा बांध मोडतो, हलवतो, नवा रचतो. गेल्या वर्षीची वाट यंदा असेलच असे नाही.

जुन्या पिढीतल्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. मुंबईहून येणारी आगबोट मालवणच्या समुद्रात दूर उभी राहायची आणि उतारू, ट्रंका, गाठोडी, पोरेबाळे सगळी पडावात उतरवून किनाऱ्याला आणावी लागत. मुंबईपासून मालवणपर्यंतचा सगळा प्रवास एका बाजूला आणि बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात टाकायचे ते एक पाऊल दुसऱ्या बाजूला! शेवटचा फर्लांग म्हणतात तो हाच.

आता कल्पना करा, की उतरायचे आहे ते गाठोडे घेतलेल्या चाकरमान्याने नव्हे, तर चाळीस टनांच्या रणगाड्याने. धक्का नाही, यारी नाही, आणि समोरच्या किनाऱ्यावर स्वागताला बसला आहे तो शत्रू. हा प्रश्न सोडवण्यासाठी ज्या बोटी निर्माण झाल्या त्यांची माहिती आज मी देणार आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याशी त्यांचा संबंध अलीकडे फार जवळचा झाला आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

समुद्रमार्गे फौज नेऊन परमुलखात उतरवणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजीमहाराज मालवणहून आरमार घेऊन निघाले आणि दक्षिणेला कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूरपर्यंत जाऊन त्यांनी तिथे छापा घातला. त्या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम चालूच होते. बरोबर तीन मोठी जहाजे आणि ८५ लहान गलबते होती, असे सांगतात. लहान गलबतांची ही मोठी संख्या ध्यानात घ्या. मोठे जहाज फौज आणि दाणागोटा वाहते, पण खाडीत शिरायला आणि वाळूला लागायला लहान आणि उथळ गलबतच हवे. मोठे वाहील पण उतरवणार नाही, लहान उतरवील पण फार वाहणार नाही. ही अडचण साडेतीनशे वर्षांपूर्वी होती आणि आजही आहे.

माणसे आणि घोडे होते तोवर होड्यांवर भागले. यंत्रयुगात भागेना. १९१५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तुर्कस्थानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर फौज उतरवली. ‘रिव्हर क्लाइड’ नावाच्या कोळशाच्या बोटीच्या बाजूंना दारे पाडून, तिच्यात शिपाई भरून, ती मुद्दाम किनाऱ्यावर घातली. बोट वाळूला लागली खरी, पण कोरड्या जमिनीपासून दूरच. मधल्या पाण्यावर पडावांचा पूल बांधता बांधता आणि त्यावरून धावता धावता माणसे गोळीबारात पडली. पुढे १९४० मध्ये डंकर्कहून माघार घ्यावी लागली तेव्हा फौज लहान-मोठ्या नावांतून सुटली, पण तोफा आणि गाड्या तिथेच टाकून याव्या लागल्या. मग इंग्रजांनी दक्षिण अमेरिकेतील माराकायबो सरोवराच्या उथळ पाण्यात चालणाऱ्या काही तेलवाहू बोटी घेतल्या आणि त्यांचे पुढचे तोंड कापून तिथे दार बसवले. रणगाडे उतरवणाऱ्या मोठ्या बोटीची ही सुरुवात. महायुद्ध संपेपर्यंत एकट्या अमेरिकेने अशा बोटी हजारावर बांधल्या.

ही बोट काम कसे करते ते पाहू. तिच्यात चार गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे तिचा तळ. साधे जहाज तळाशी निमुळते असते, म्हणून ते लाट कापते. पण वाळूवर घातले तर एका कुशीवर कलंडते. या बोटीचा तळ सपाट असतो, आणि पुढच्या बाजूला, म्हणजे नाळेकडे, ती फारच थोडे पाणी घेते. मागे यंत्रे आणि पंखे असल्यामुळे तिथे जास्त पाणी लागते. म्हणजे तळाला उतार असतो, आणि किनाऱ्याच्या वाळूलाही उतार असतो. हे दोन उतार जितके जुळतील तितकी बोट जमिनीजवळ जाते.

दुसरी गोष्ट टाक्यांची. आपल्या जुन्या गलबतांच्या तळाशी दगड किंवा वाळू भरीत. तिला नीरम म्हणत. या बोटीत नीरम असते ते समुद्राच्या पाण्याचे. खोल समुद्रात टाक्या भरून बोट जड करायची, म्हणजे ती फार लोळत नाही. किनारा जवळ आला की पंपाने पाणी बाहेर टाकायचे, म्हणजे बोट हलकी होऊन वर येते.

तिसरी गोष्ट म्हणजे पुढचे दार. नाळ उघडते आणि आतून लोखंडी फळी वाळूवर पडते. रणगाडे आणि गाड्या आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या चाकांनी, बाहेर येतात. यारी लागत नाही, हमाल लागत नाही.

चौथी गोष्ट मागच्या नांगराची. ही मला सर्वांत शहाणपणाची वाटते. किनाऱ्याकडे येतानाच, बरेच अंतर बाकी असताना, बोट आपला मागचा नांगर पाण्यात सोडते आणि त्याचा दोर सोडीत सोडीत पुढे जाते. काम झाले की तो दोर यंत्राने ओढायचा. नांगर जागचा हलत नाही. बोटच मागे ओढली जाते. वाळूवर चढण्यापूर्वी वाळूवरून उतरायची सोय करून ठेवायची, असा हा हिशेब आहे. त्यातच भरतीचाही हिशेब आला. सामान उतरवून लगेच परतायचे असेल तर पाणी चढत असताना लागावे. ओहोटीला लागलेली बोट पुढच्या भरतीपर्यंत तिथेच अडकते, आणि लढाईत अडकलेली बोट म्हणजे तोफेला आयते निशाण.

भारतीय आरमाराकडे अशी पहिली बोट स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात, १९४९ मध्ये, इंग्रजांकडून आली. तिचे नाव ‘मगर’. पाण्यातून जमिनीवर चढणाऱ्या बोटीला याहून योग्य नाव कोणते असणार! पुढे ‘घडियाल’, ‘कुंभीर’, ‘गुलदार’, ‘चित्ता’, ‘शार्दूल’, ‘केसरी’, ‘ऐरावत’ अशी नावे आली. गुलदार म्हणजे आपला बिबट्या.

तरीही १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आरमाराची माणसे उतरली ती ‘त्रिशूल’ या लढाऊ जहाजाच्या साध्या होड्यांतून. १८ डिसेंबरचा तो दिवस. बेटावरून गोळीबार झाला आणि सात नौसैनिकांना प्राण गमवावे लागले. आजच्या सिंधुदुर्गाच्या हद्दीपासून अंजदीव काही फार दूर नाही. उघड्या होडीतला माणूस शेवटच्या फर्लांगात किती उघडा असतो, याचे हे आपल्या दाराजवळचे उदाहरण.

पुढे दहा वर्षांनी, १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशाच्या युद्धाच्या अगदी अखेरीस, कॉक्स बाजारच्या किनाऱ्यावर फौज उतरवण्याचे ठरले. कामगिरीचे नाव ‘ऑपरेशन बीव्हर’. व्यापारी जहाजातून गुरखा पलटणीचे जवान नेण्यात आले आणि मग त्यांना ‘घडियाल’ व ‘गुलदार’ या दोन बोटींवर चढवण्यात आले. ही ‘गुलदार’ पहिली, १९६६ च्या सुमारास घेतलेली. बोट किनाऱ्याकडे गेली आणि वाळूला लागली. पण ती लागली ती पाण्याखालच्या बांधाला! बांध आणि किनारा यांच्यामध्ये खळगा होता. दार उघडले, फळी पडली, अंगावर शस्त्रे आणि ओझे घेतलेले जवान उतरले, आणि पाणी त्यांच्या डोक्यावरून गेले. काही जण बुडून दगावले. शत्रूची एक गोळीही न लागता ही माणसे गेली. उरलेल्यांना उतरवण्यासाठी पुढे होड्यांचा आधार घ्यावा लागला.

श्रोतेहो, मघाशी तोंडवलीच्या वाळूविषयी सांगितले ते याचसाठी. गुडघाभर पाणी, मग गळ्याशी पाणी, मग पुन्हा कमरेइतके. रापण ओढणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असते. कॉक्स बाजारच्या कोळ्यांनाही ते ठाऊक असणारच. पण घाईत आखलेल्या मोहिमेत किनाऱ्याच्या तळाची नीट पाहणी झाली नाही, आणि जवानांना अशा उतरण्याचा सरावही नव्हता. आज कोणतीही आरमारी फौज अशा कामगिरीपूर्वी पाणबुडे पाठवून वाळू तपासते, तिचा उतार मोजते आणि बांध कुठे आहे ते पाहते. २०२३ चा नौदल दिन ४ डिसेंबरला मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. त्यात किनाऱ्यावर चढाई करण्याचे प्रात्यक्षिक ज्यांनी पाहिले, त्यांना त्यामागची ही किंमतही माहीत असावी.

दुसरी ‘गुलदार’ आली ती १९८५ च्या अखेरीस. पोलंडमधील ग्डिनिया येथे ती बांधली गेली. लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी दहा मीटरच्या आत, पूर्ण भारात वजन अकराशे ते बाराशे टनांच्या दरम्यान. पाच-सहा रणगाडे आणि दीडशेच्या आसपास जवान तिच्या पोटात मावत. तिच्याबरोबरच्या दोन बहिणी म्हणजे १९८४ ची ‘चित्ता’ आणि १९८६ ची ‘कुंभीर’. तिघींचे बहुतेक आयुष्य अंदमान-निकोबार बेटांत गेले. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा त्या कामावर होत्या. १९९० पासून पाल्कच्या सामुद्रधुनीत शस्त्रांची चोरटी ने-आण रोखण्याच्या कामावर होत्या. २००४ च्या त्सुनामीत मदतीला होत्या. नौदलाने दिलेला तिघींचा मिळून हिशेब असा: सुमारे १७ लाख सागरी मैल प्रवास, समुद्रावर १२,३०० हून अधिक दिवस, आणि किनाऱ्याला लागण्याच्या १,३०० हून अधिक खेपा. १७ लाख सागरी मैल म्हणजे पृथ्वीला अठ्ठ्याहत्तर प्रदक्षिणा झाल्या! आणि तेराशे वेळा त्यांनी तो शेवटचा फर्लांग पार केला.

यातली त्सुनामीची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. बेटावर अन्न, पाणी, औषध न्यायचे तर धक्का हवा. पण ज्या लाटेने गावे धुऊन नेली तिनेच धक्केही मोडले. साधे मालवाहू जहाज भरून आले तरी उतरवणार कुठे? वाळूला लागून दार उघडणारी बोट अशा वेळी उपयोगी पडते. लढाईसाठी बांधलेल्या या बोटींना लढाईपेक्षा संकटातच जास्त काम पडले, हे त्यांच्या सेवेकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

परंतु किनाऱ्याला लागणाऱ्या बोटीला मर्यादा आहेत. सपाट तळामुळे ती भर समुद्रात फार लोळते. वेग बेताचाच. फार मोठी केली तर वाळूला लागत नाही. आणि सगळा माल एकाच बोटीत, तीही वाळूवर उभी, म्हणजे जोखीम मोठी. म्हणून दुसरी युक्ती निघाली: मोठे जहाज दूर खोल पाण्यातच ठेवायचे, आणि किनाऱ्याला लागणाऱ्या लहान होड्या त्याच्या पोटात घालून न्यायच्या. पण भरलेली, रणगाडा चढवलेली होडी यारीने पाण्यात सोडणार कशी? त्याचे उत्तर म्हणजे गोदी, आणि तीही जहाजाच्या पोटात!

गोदी काय असते हे आपल्याकडे पाहायला मिळते. विजयदुर्गाजवळ, वाघोटनच्या खाडीत, गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे. खडकात कोरलेली आणि बांधून काढलेली. भरतीला गलबत तरंगत आत यायचे, ओहोटीला पाणी निघून जायचे आणि गलबत कोरड्यावर बसायचे. डागडुजी झाली की पुन्हा भरतीला तरंगत बाहेर. पाणी आत आले की होडी तरते, पाणी गेले की बसते. तत्त्व एवढेच.

गोदी-जहाज हेच करते, पण भरती-ओहोटीची वाट न पाहता. त्याच्या मागच्या भागात एक लांबरुंद हौद असतो आणि त्याला मागे मोठे दार. हौदात होड्या कोरड्यावर बसलेल्या असतात. ठिकाण आले की जहाज आपल्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेते, त्याची पिछाडी मुद्दाम काही फूट खाली बसते, दार उघडते, समुद्र आत येतो आणि होड्या जागच्या जागी तरंगू लागतात. मग एकेक करून त्या मागच्या दाराने बाहेर पडतात. काम झाले की उलट क्रम: होड्या आत, दार बंद, टाक्यांतले पाणी बाहेर, हौद पुन्हा कोरडा. अशा जातीचे अमेरिकेचे पहिले जहाज ‘अ‍ॅशलंड’ १९४३ मध्ये कामावर रुजू झाले. पुढे त्यावर हेलिकॉप्टरांसाठी मोठे छतही आले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात इंग्रजांची फौज बेटावर उतरली ती अशाच ‘फिअरलेस’ आणि ‘इंट्रेपिड’ या दोन गोदी-जहाजांच्या आधाराने.

भारताकडे असे जहाज आले ते २००७ मध्ये. त्याचे नाव ‘जलाश्व’. संस्कृतात जलाश्व म्हणजे पाणघोडा, आणि नाव अगदी समर्पक आहे. कारण अर्धे अंग पाण्यात बुडवून उभे राहणे हाच याचा धर्म. अमेरिकेच्या आरमारात १९७१ पासून ‘ट्रेंटन’ या नावाने त्याने काम केले होते. लांबी सुमारे १७३ मीटर, म्हणजे ‘गुलदार’च्या दुपटीहून अधिक. वजन जवळजवळ सतरा हजार टन. हौदात चार मोठ्या होड्या, छतावर हेलिकॉप्टरे, आणि हजाराच्या आसपास जवानांची सोय. २२ जून २००७ ला अमेरिकेतील नॉरफोक येथे ते समारंभपूर्वक दाखल झाले. पुढच्याच वर्षी, २००८ च्या फेब्रुवारीत, जहाजावर विषारी वायू पसरून एक अधिकारी आणि पाच नौसैनिक मरण पावले. मोठ्या जहाजाच्या पोटात बंद खण, नळ आणि टाक्या असंख्य असतात, आणि बंद जागेतली हवा हा दर्यावर्दी माणसाचा न दिसणारा शत्रू असतो.

‘जलाश्व’चे नाव घराघरांत गेले ते २०२० साली, करोनाच्या साथीत. विमाने बंद, परदेशातली आपली माणसे अडकलेली. ‘समुद्र सेतू’ या मोहिमेत ‘जलाश्व’ मालदीवमधील मालेला गेले आणि १० मे २०२० ला ६९८ माणसांना घेऊन कोचीला आले. मग पुन्हा माले, नंतर कोलंबो, आणि जुलैच्या आरंभी इराणमधील बंदर अब्बासहून ६८७ जण. ‘मगर’, ‘शार्दूल’ आणि ‘ऐरावत’ या किनाऱ्याला लागणाऱ्या बोटीही त्या कामावर होत्या. मोहिमेत एकूण ३,९९२ भारतीय घरी परतले. ही ‘मगर’ दुसरी, कलकत्त्यात बांधलेली, १९८७ ची. २०२३ मध्ये तीही निवृत्त झाली. रणगाड्यांसाठी केलेली जागा अंथरुणे टाकून माणसे निजवायलाही पुरते आणि साथीच्या काळात त्यांना दूरदूर ठेवायलाही पुरते, हा लाभ त्या वेळी ध्यानात आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ‘गुलदार’ तिच्या दोन्ही बहिणींसह १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअर येथे निवृत्त झाली. निवृत्त बोटीचे सहसा काय होते? भंगार. ‘विराट’ या थोर विमानवाहू जहाजाचेही तेच झाले. २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते निवतीच्या खडकांजवळ आणून त्याचे संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली होती. पण ते घडले नाही, आणि २०२० मध्ये ‘विराट’ गुजरातेत अलंगला तोडायला गेले. ‘गुलदार’ मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत कारवार येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली. निवतीच्या समुद्रात ती बुडवायची, पाण्याखालचे संग्रहालय करायचे आणि माशांसाठी कृत्रिम खडक तयार करायचा, अशी ही योजना. केंद्राने त्यासाठी सुमारे ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले.

बोट बुडवून खडक कसा होतो, असे कोणी विचारील. समुद्राच्या तळाशी बहुतेक ठिकाणी नुसती वाळू आणि चिखल. ज्या जिवांना चिकटून राहायला टणक जागा हवी, त्यांना तिथे थारा नाही. लोखंडी सांगाडा पडला की प्रथम त्यावर शेवाळाची बुळबुळीत साय धरते, मग शिंपले, कालवे, स्पंज आणि मृदू प्रवाळ चिकटतात. लहान मासे आडोशाला येतात, आणि त्यांच्यामागे गोबरा, तांबोशी यांसारखे खडकाळीतले मासे. अमेरिकेने २००६ मध्ये ‘ओरिस्कनी’ ही विमानवाहू बोट फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली आणि तिथे आज पाणबुडे जातात.

पण येथे दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. एक, अशा खडकामुळे मासे खरोखर वाढतात, की आसपास विखुरलेले मासे एका जागी गोळा होतात, याविषयी शास्त्रज्ञांत बराच वाद आहे. नुसते गोळाच होत असतील, आणि त्या जागी मासेमारीला काही बंधन नसेल, तर त्यांना पकडणे सोपे होईल आणि समुद्र वाढण्याऐवजी रिता होईल. दुसरी गोष्ट, बोट बुडवणे म्हणजे तळाला भोक पाडणे नव्हे. आधी तिच्यातले तेल, ग्रीस, विषारी रंग, विजेच्या जुन्या तारा, अ‍ॅस्बेस्टॉस, सगळे काढावे लागते. पाणबुड्यांना आत अडकायला होऊ नये म्हणून दारे काढून भिंतींना मोठी भोके पाडावी लागतात. आणि बोट सरळ बसेल असे पाणी सगळीकडून सारखे आत घ्यावे लागते. ऑस्ट्रेलियाने ‘टोब्रुक’ ही रणगाडे उतरवणारी बोट २९ जून २०१८ ला अशीच बुडवली. तयारी पुष्कळ केलेली होती. तरीही ती सरळ न बसता उजव्या कुशीवर पडली. एवढ्या अनुभवी देशाला हे झाले, तर आपण दुप्पट काळजी घ्यायला हवी.

आता यात तोंडवलीकराचा संबंध काय? निवती दक्षिणेला, तोंडवली उत्तरेला. रापण तर किनाऱ्यालगतच ओढायची, तिला निवतीच्या बोटीची बाधा नाही. पण समुद्राला वाड्यांसारखे कुंपण नसते. पाण्यात सोडलेले जाळे प्रवाहाबरोबर वाहते. सांगाड्याला ते अडकले तर गरीब मच्छीमाराची सारी पुंजी एका रात्रीत जाते. आणि फाटलेले जाळे तिथेच राहिले तर ते माणसाविना मासे मारीत बसते. म्हणून बोटीची जागा नकाशावर आणि बोयांनी नेमकी दाखवायला हवी, आणि ती माहिती प्रत्येक मच्छीमार सोसायटीपर्यंत, मराठीत, लेखी पोचायला हवी.

किनाऱ्यावरच्या लोकांच्या मनात शंका आहे ती आणखी एका कारणाने. १३ एप्रिल १९८७ ला मालवणजवळचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपला समुद्र आपल्याला बंद होणार की काय, ही धास्ती तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात आहे. पर्ससीन जाळ्यांमुळे लहान मच्छीमाराची जी ओढाताण झाली, आणि २०१६ मध्ये सरकारला त्या जाळ्यांवर जे निर्बंध घालावे लागले, तेही ताजेच आहे. उद्या बोटीभोवती पर्यटकांच्या होड्या फिरू लागतील. त्या कोणाच्या असतील? पाणबुडे म्हणून कोण शिकेल आणि रोजगार कोणाच्या घरात येईल? बोटीभोवती किती अंतरापर्यंत जाळे टाकायचे नाही, हे कोण आणि कोणाला विचारून ठरवील? हे प्रश्न काम सुरू असतानाच विचारायचे असतात. बोट एकदा तळाला गेली की ती पुन्हा उचलता येत नाही, आणि ठरलेले नियम बदलायलाही वर्षे लागतात.

कॉक्स बाजारला जो धडा मिळाला तो एवढाच होता, की किनाऱ्यावर जाण्यापूर्वी किनारा जाणणाऱ्या माणसाला विचारावे. निवतीच्या पाण्यात वारे कसे फिरतात, पावसाळ्यात वाळू कुठून कुठे जाते, कोणत्या महिन्यात पाणी निवळ असते, हे तिथल्या मच्छीमारांइतके कोणाला ठाऊक असणार? महामंडळाने त्यांना बोलवावे, आणि मच्छीमारांनीही केवळ विरोध करायला किंवा केवळ टाळ्या वाजवायला न जाता, आपली माहिती आणि आपल्या अटी घेऊन जावे. चाळीस वर्षे माणसांना सुखरूप किनाऱ्याला लावणारी ही बोट आपल्या समुद्रात कायमची राहणार असेल, तर तिच्यावाचून कोणाचे जाळे रिकामे येऊ नये, एवढी दक्षता घेणे आपल्या हातात आहे.